विमा नसताना कोलोनोस्कोपी: न्यू जर्सीतलं एक प्रकरण

वय ४६, पुरुष, राहणार एडिसनच्या आसपास, घरात तिघं. त्रास काहीही नाही. शौचातून रक्त नाही, वजन उतरलेलं नाही, पोटाची तक्रार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयटीतली नोकरी गेली आणि महिनाअखेरीस कंपनीचा विमाही संपला. बायकोचं डबे देण्याचं काम आधीपासून होतं, ते दोघांनी मिळून केटरिंगपर्यंत वाढवलं. २०२४ सालचं अपेक्षित उत्पन्न ८४ हजार डॉलर. मुलीचा विमा एनजे फॅमिलीकेअर या राज्याच्या सरकारी योजनेतून झालेला, नवराबायको मात्र दोघंही विम्याविना.

मी पोटविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात बिलिंगचं काम करते. यातली बायको माझी मैत्रीण, म्हणून ते माझे भावोजी. त्यांच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कोलोनोस्कोपी म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघणं. लिहायचं कारण असं की विमा नसलेली आपली माणसं फोन करून फक्त ‘कोलोनोस्कोपीला किती पडतात’ एवढंच विचारतात, कुठूनतरी सहा-सात हजारांचा आकडा कानावर पडतो आणि तपासणी कायमची राहून जाते. त्या आकड्याच्या आत काय काय असतं हे त्यांना कुणी सांगतच नाही.

विमा का नव्हता

ही बाजू थोडक्यात सांगते, कारण आता ती दुरुस्त झाली आहे. नोकरी गेल्यावर जुनाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवता येतो, त्याला कोब्रा म्हणतात. त्यात कंपनी भरायची तो वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. तिघांचा हप्ता महिना दोन हजार डॉलरच्या वर जात होता, तो त्यांनी नाकारला. ते समजण्यासारखं आहे. पण गेट कव्हर्ड एनजे हा राज्याचा विमा-बाजार ‘गरिबांसाठी असतो’ अशा समजुतीने त्यांनी तिथे चौकशीच केली नाही. त्या वर्षी लागू असलेल्या सवलतीत ८४ हजार उत्पन्नाच्या घरालाही हप्त्यात मदत मिळत होती. ३१ जानेवारीला नावनोंदणी बंद झाली, आणि विमा गेल्यानंतरची साठ दिवसांची मुदतही त्याच सुमारास संपली. न्यू जर्सीत २०१९ पासून विमा नसणाऱ्याला राज्याच्या करात दंड भरावा लागतो, तोही पुढे लागणार होता. म्हणजे आता वाट बघायची ती १ नोव्हेंबरची, आणि प्रत्यक्ष विमा चालू होणार जानेवारी २०२५ मध्ये.

कोणती तपासणी?

भावोजींनी मला विचारलं ते कोलोनोस्कोपीबद्दलच. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर निघाला होता, त्याने ते हादरले होते. मी आधी दराबद्दल एक अक्षर बोलले नाही. खिशातून पैसे भरणाऱ्या माणसाने सगळ्यात आधी ठरवायचं असतं ते आपल्याला नेमकी कोणती तपासणी लागते.

अमेरिकेत मे २०२१ पासून सरकारी तज्ज्ञमंडळाची शिफारस अशी आहे की कसलाही जादा धोका नसलेल्या माणसानेही ४५ व्या वर्षापासून मोठ्या आतड्याची तपासणी सुरू करावी. पूर्वी हे वय ५० होतं. पण तपासणी म्हणजे कोलोनोस्कोपीच असं त्या शिफारशीत कुठेही नाही. वर्षातून एकदा फिट नावाची शौचाची चाचणी केली तरी चालते. घरी नमुना घ्यायचा, नळीत घालून पाठवायचा. पथ्य नाही, जुलाब नाहीत, सुट्टी नाही, आणि रोखीने पन्नास डॉलरच्या आत काम होतं. शौचात डोळ्यांना न दिसणारं रक्त आहे का एवढंच ती बघते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे दहा हजार लोकांच्या अभ्यासात एका वेळच्या फिटने जवळपास तीन चतुर्थांश कॅन्सर पकडले होते. पण कॅन्सर होण्याच्या वाटेवर असलेले मोठे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेले कोंब, मात्र तिने जेमतेम चौथा हिस्साच पकडले. म्हणून ती दर वर्षी न चुकता करावी लागते, आणि पॉझिटिव्ह आली की कोलोनोस्कोपीला पर्याय राहत नाही.

माझ्या मैत्रिणीने फेब्रुवारीत पंचेचाळिशी पूर्ण केली होती आणि तिच्या माहेरी असला आजार कुणालाच नाही. तिला मी फिटच सांगितली. तिने केली, निगेटिव्ह आली, पुढच्या वर्षी पुन्हा करेल. विमा नसलेल्या, जादा धोका नसलेल्या माणसासाठी हा पूर्ण मान्यताप्राप्त मार्ग आहे. तो दुय्यम समजून ‘करायची तर कोलोनोस्कोपीच’ म्हणत वर्षानुवर्षं काहीच न करणारी माणसं मी बघते, तेव्हा फार वाईट वाटतं.

भावोजींनाही तेच सांगणार होते. त्याआधीचा नेहमीचा प्रश्न विचारला.

“भावोजी, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर?”

“नाही. बाबा पोटाच्या दुखण्याने गेले, पण ते वेगळं.”

“ऑपरेशन झालं होतं का त्यांचं?”

“हो, मिरजेला. गाठ काढली होती. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, मला फारसं काही सांगितलं नव्हतं.”

“गाठ कुठली होती? जठराची, यकृताची, आतड्याची?”

हे त्यांना माहीत नव्हतं. आईंना विचारलं तर त्या ‘पोटातली गाठ’ यापुढे जाईनात. मग कराडच्या थोरल्या भावाला सांगून कपाटातली जुनी फाइल शोधायला लावली. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला: टाइप केलेला पिवळा पडलेला कागद, कोपऱ्यात टाचणीचा गंज, मधोमध घडीची रेघ. त्या घडीवरच निदानाची ओळ होती, म्हणून भावाला कागद खिडकीशी सपाट धरून पुन्हा फोटो काढायला लावला. सिग्मॉइड कोलन, ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या खालच्या टोकाकडच्या भागातला कॅन्सर. रुग्णाचं वय ५६.

या एका ओळीने प्रकरणाची दिशा बदलली. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांची शिफारस स्पष्ट आहे: चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयातून दहा वर्षं वजा करून जे वय येईल तेव्हा, यांतलं जे आधी येईल तेव्हापासून कोलोनोस्कोपी, आणि ती दर पाच वर्षांनी. भावोजींच्या बाबतीत ५६ उणे १० म्हणजे ४६, पण चाळीस त्याआधी येतं. म्हणजे त्यांची पहिली तपासणी सहा वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. फिट त्यांच्यासाठी बाद झाली.

आपल्याकडच्या घरांत वडिलांच्या आजाराचं नेमकं नाव पुढच्या पिढीला ठाऊक नसतं, हे मला फार वेळा दिसतं. मुलांना त्रास नको म्हणून मोठ्यांनी ते सांगितलेलं नसतं. पण डॉक्टरांच्या फॉर्मवर ‘कुटुंबात कॅन्सर: नाही’ अशी खूण त्यामुळेच पडते. ज्यांच्या घरी अशी जुनी फाइल आहे त्यांनी तिचा फोटो काढून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आत्या, काका, आजी यांच्यात आतड्याचे किंवा गर्भाशयाचे कॅन्सर एकाहून जास्त असतील तर तेही लिहून ठेवावं, कारण काही प्रकार घराण्यात आनुवंशिक चालतात. इथे तसं काही निघालं नाही.

आत्ता करायची की जानेवारीपर्यंत थांबायचं?

हा प्रश्न सोपा नव्हता, आणि तो सोपा असल्यासारखं मी दाखवणार नाही. ओबामांच्या काळातल्या आरोग्य कायद्यानुसार बाजारातल्या विम्यात ही प्रतिबंधक तपासणी नेटवर्कमधल्या डॉक्टरांकडे मोफत असते, त्यात पॉलिप काढला तरी. जानेवारीत विमा घ्यायचाच होता. मग आत्ता दीड-दोन हजार का घालायचे?

थांबण्याच्या बाजूने हे होतं: लक्षणं नाहीत, आणि पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारणपणे वर्षं लागतात, महिने नव्हेत. विरुद्ध बाजूने हे: आधीच सहा वर्षं उशीर. जानेवारीत विमा सुरू झाला तरी नवा डॉक्टर, मग रेफरल, मग तारीख हे सगळं होईपर्यंत वसंत ऋतू उजाडतो, म्हणजे आणखी एक वर्ष. त्यांच्या मनात आणखी एक भीती होती. विमा नसताना काही निघालं तर? त्यावर मी सांगितलं की २०१४ पासून आधीचा आजार आहे म्हणून विमा नाकारता येत नाही. नोव्हेंबरात नाव नोंदवता येईल, आणि मधल्या काळासाठी न्यू जर्सीत एक कायदा आहे, त्याबद्दल पुढे येतंच.

शेवटी ते दोघं आणि मी असं तिघांनी बसून एक हद्द ठरवली. सगळं मिळून दोन हजार डॉलरच्या आत लेखी दर मिळाला तर उन्हाळ्यात करायची, नाहीतर जानेवारीची वाट बघायची. मधे शौचातून रक्त दिसलं तर मात्र दर न बघता लगेच. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. ज्याच्या घरात असा इतिहास नाही त्याने फिट करून थांबावं.

भारतात जाऊन करून घ्यावी का, हेही बोलून झालं. पुण्यात किंवा कोल्हापुरात खाजगीत हीच तपासणी इथल्या दराच्या अगदी थोड्या भागात होते. तसं करण्यात काही गैर नाही. पण फक्त त्यासाठी तिकीट काढलं तर बचत तिकिटातच जाते, आणि त्यांचा केटरिंगचा हंगाम सोडून ते जाऊ शकत नव्हते. जे जाणारच आहेत त्यांनी सुट्टीच्या सुरुवातीलाच करून घ्यावी. पॉलिप काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत उशिराने रक्तस्राव होऊ शकतो, आणि चौदा-पंधरा तासांच्या विमानात ते संकट नको. शिवाय आतड्याचं टोक गाठल्याचे फोटो आणि पॅथॉलॉजीचा लेखी रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय परतू नये. पुढची तारीख त्यावरच ठरते.

दर म्हणजे नेमकं काय

भावोजींना मी त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. लग्नात कार्यालयाचं भाडं वेगळं, आचारी वेगळा, मांडववाला वेगळा, आणि प्रत्येकाचं बिल वेगळ्या दिवशी येतं. कोलोनोस्कोपीतही चार हात असतात: तपासणी करणारा डॉक्टर, जिथे होते ती जागा, गुंगीचं औषध देणारा भूलतज्ज्ञ, आणि काढलेला तुकडा बघणारी पॅथॉलॉजी लॅब. फोनवर जो आकडा मिळतो तो बहुतेक वेळा यांतल्या एकाचाच असतो. डॉक्टरच्या ऑफिसने ‘सहाशे’ सांगितलं म्हणून आनंदाने गेलेला माणूस पुढे महिनाभर पाकिटं फोडत बसतो.

यांत सगळ्यात मोठा फरक पडतो तो जागेमुळे. हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात आणि स्वतंत्र सर्जरी सेंटरमध्ये काम तेच, दुर्बीण तीच, बऱ्याचदा डॉक्टरही तोच. पण खुद्द मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा, सर्जरी सेंटरला देते त्याच्या दुपटीच्या आसपास हॉस्पिटलला देते. रोखीच्या ग्राहकासाठी ही तफावत आणखी वाढते.

पहिला फोन त्यांनी घराजवळच्या एका हॉस्पिटलला केला. जागेचाच दर ८,९०० डॉलर, स्वतः पैसे भरणाऱ्याला निम्मी सूट, म्हणजे ४,४५०. डॉक्टर, भूल, लॅब वेगळं. भावोजी म्हणाले, “ताई, विषय संपला.”

संपला नव्हता. न्यू जर्सीत २००८ पासून कायदा आहे: राज्यात राहणाऱ्या, विमा नसलेल्या आणि कुटुंबाचं एकूण उत्पन्न संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या ५०० टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या रुग्णाला हॉस्पिटल मेडिकेअरच्या दराच्या ११५ टक्क्यांहून जास्त आकारू शकत नाही. तिघांच्या कुटुंबासाठी २०२४ ची दारिद्र्यरेषा २५,८२० डॉलर होती, तिचे ५०० टक्के म्हणजे १,२९,१००. आपल्यातली बरीच मध्यमवर्गीय घरं यात बसतात, आणि ‘आम्ही थोडेच गरीब आहोत’ म्हणून विचारतच नाहीत. कायद्याचा हवाला देऊन, कराचा कागद जोडून अर्ज केल्यावर त्याच हॉस्पिटलने जागेचा अंदाज १,१८० डॉलर दिला. ४,४५० चे १,१८०, आणि तेही रुग्णाने विचारलं म्हणून. पहिल्या फोनवर हे कुणीही आपणहून सांगितलं नव्हतं, याचा मला संताप येतो.

मात्र हा कायदा हॉस्पिटलच्या बिलापुरता आहे. डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ स्वतंत्र बिल करत असतील तर त्यांना तो लागू नाही. त्यांचे आकडे घेतले: डॉक्टर ६२०, भूल ७५०. लॅब सोडून २,५५० झाले. हद्दीच्या बाहेर.

ज्यांचं उत्पन्न याहून कमी आहे त्यांच्यासाठी दोन दारं आधी आहेत. राज्याच्या कॅन्सर शिक्षण व लवकर निदान कार्यक्रमात, ज्याला सगळे एनजेसीड म्हणतात, दारिद्र्यरेषेच्या २५० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या, विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या रहिवाशांना आतड्याची तपासणीही मोफत होते. प्रत्येक काउंटीत त्याचं केंद्र आहे. तिघांसाठी ती मर्यादा तेव्हा ६४,५५० होती. दुसरं दार हॉस्पिटलच्या चॅरिटी केअरचं: २०० टक्क्यांपर्यंत पूर्ण माफी, ३०० टक्क्यांपर्यंत उतरत्या प्रमाणात, आणि शिलकीवरही मर्यादा. भावोजींची चॅरिटी केअर साडेसहा हजारांनी हुकली.

मग सर्जरी सेंटरं. आमच्या दवाखान्याचं नाव मी मुद्दाम यादीत ठेवलं नाही. फोन भावोजींनीच केले, मी शेजारी बसून प्रश्न लिहून दिले. चारही बिलं धरून एकच रक्कम किती? पॉलिप निघाला आणि काढला तर ती रक्कम बदलते का? तुकडे किती डब्यांपर्यंत धरलेत? आतडं नीट साफ नसल्यामुळे तपासणी अर्धवट राहिली तर पुन्हा पूर्ण पैसे का? आधी डॉक्टरांची वेगळी भेट घ्यावी लागेल का, तिचे किती?

डब्यांचा प्रश्न विचित्र वाटेल, पण महत्त्वाचा आहे. आतड्याच्या वेगवेगळ्या जागचे पॉलिप सहसा वेगवेगळ्या डब्यांत ठेवतात, म्हणजे कुठला कुठून आला ते कळतं, आणि लॅब डबीमागे पैसे लावते. तीन डब्या म्हणजे तिप्पट बिल. पॉलिप निघाल्यावर दर बदलतो का, हाही तसाच. ‘नुसतं बघण्याचा’ एक दर आणि ‘काढण्याचा’ दुसरा दर असतो, आणि झोपेतल्या माणसाला मधेच विचारता येत नाही.

भुलेबद्दलही पर्याय असतो. हल्ली बहुतेक ठिकाणी प्रोपोफॉल देतात, त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो. जुन्या पद्धतीत मिडाझोलाम आणि फेंटॅनिल देऊन हलकी गुंगी आणतात, ती डॉक्टरच्या देखरेखीखाली नर्स देते आणि भूलतज्ज्ञाचं बिल वाचतं. तब्येत ठणठणीत असेल तर विचारायला हरकत नाही.

तिसऱ्या सेंटरने सगळं मिळून १,६५० डॉलर सांगितले: डॉक्टर, जागा, प्रोपोफॉल, पॉलिप काढणं, आणि डब्या कितीही असल्या तरी लॅब. रक्ताचा पातळपणा वाढवणारी औषधं नाहीत, हृदयाचा त्रास नाही, झोपेत श्वास अडकत नाही, म्हणून वेगळी भेटही नको, फोनवरच प्रश्नावली. गुंतागुंत झाली आणि हॉस्पिटलला न्यावं लागलं तर ते मात्र यात नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आतड्याला छिद्र पडण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी असते, पण शून्य नसते. हे कळल्यावर सही करणं वेगळं आणि न कळता करणं वेगळं.

कागदावर घेणं

१ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेत विमा नसलेल्या रुग्णाला खर्चाचा लेखी अंदाज देणं बंधनकारक आहे, त्याला गुड फेथ एस्टिमेट म्हणतात. मागितल्यावर कामकाजाच्या तीन दिवसांत तो मिळायला हवा. प्रत्यक्ष बिल त्याहून ४०० डॉलर किंवा जास्त आलं तर बिलाच्या तारखेपासून १२० दिवसांत सरकारकडे वाद नेता येतो, फी २५ डॉलर. यातली पळवाट अशी की एकाच्या अंदाजात दुसऱ्याचा, म्हणजे भूलतज्ज्ञाचा किंवा लॅबचा दर धरण्याची सक्ती अजून प्रत्यक्षात लावलेली नाही. म्हणून ‘अंदाज मिळाला’ एवढ्यावर थांबू नये, त्यात कोणाकोणाची नावं आहेत ते वाचावं. भावोजींच्या कागदावर लॅबचा उल्लेख नव्हता. फोनवर कबूल केलं होतं, कागदावर नव्हतं. त्यांनी तो परत पाठवून ‘पॅथॉलॉजी सर्व नमुन्यांसह समाविष्ट’ अशी ओळ घालून घेतली.

तयारी

सेंटरने लिहून दिलेलं ब्रँडचं औषध फार्मसीत दीडशे डॉलरच्या वर निघालं. डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी लगेच स्वस्त पर्याय दिला: मिरालॅक्सची २३८ ग्रॅमची बाटली, ६४ औंस गेटोरेड, जोडीला बिसाकोडिलच्या गोळ्या. सगळं दुकानात मिळतं, पंचवीसेक डॉलरमध्ये झालं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

खिशातून भरणाऱ्यासाठी ही तयारी म्हणजे थेट पैशांचा प्रश्न आहे, कारण आतडं साफ नसेल तर सगळं पुन्हा करायला सांगतात. इंग्रजी सूचनापत्रात आपल्या जेवणाचं काही नसतं, म्हणून मी मैत्रिणीला मराठीत लिहून दिलं. आधीचे तीन दिवस चपाती-भाकरी, उसळी, पालेभाजी, शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं, टोमॅटोच्या बिया बंद. पांढरा भात, दही, मैद्याचा ब्रेड, अंडं, सोललेला उकडलेला बटाटा चालेल. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारे द्रव: गाळलेलं सूप, शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा. लाल-जांभळं काही नको, आत रक्तासारखं दिसतं. कोकम सरबत म्हणूनच नको. औषधाचा निम्मा भाग संध्याकाळी, निम्मा पहाटे. पहाटेचा भाग टाळला की उजवीकडचं आतडं घाण राहतं, आणि सपाट पॉलिप तिथेच लपतात.

रात्री नऊला मैत्रिणीचा फोन आला: सकाळच्या ऑर्डरसाठी बटाटेवड्याचं सारण परतत होती, घरभर लसूण-मिरचीचा वास, आणि भावोजी गेटोरेडचा ग्लास घेऊन गॅरेजमध्ये जाऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी साफसफाईला उत्तम असा शेरा दिला.

निष्पत्ती

तीन पॉलिप निघाले. दोन बारीक, ४ आणि ३ मिलिमीटरचे. तिसरा सिग्मॉइडमध्ये, १२ मिलिमीटरचा, तारेच्या फाशाने एकसंध काढला. रिपोर्ट: ट्युब्युलोव्हिलस ॲडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या जातीचा पॉलिप, कडा स्वच्छ, कॅन्सर नाही. वडिलांना गाठ जिथे होती त्याच भागात. दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा, किंवा या जातीचा ॲडेनोमा असेल तर पुढची तपासणी तीन वर्षांनी, म्हणजे २०२७ मध्ये.

पाचेक आठवड्यांनी लॅबचं बिल घरी आलं: तीन डब्या, ६१५ डॉलर. लॅबने सेंटरला न पाठवता थेट रुग्णाला पाठवलं होतं. भावोजी भरायलाच निघाले होते. मी म्हटलं, आधी तो कागद काढा. ‘सर्व नमुन्यांसह समाविष्ट’ या ओळीखाली रेघ मारून, बिलाची प्रत जोडून, सेंटरच्या मॅनेजरला पत्र धाडलं. दोन आठवड्यांत लॅबकडून शून्य शिल्लक असल्याचं पत्र आलं. सरकारी वादापर्यंत जावं लागलं नाही. एकूण खर्च १,६७५ डॉलर.

नोव्हेंबरात दोघांनी गेट कव्हर्ड एनजेवर नाव नोंदवलं, जानेवारी २०२५ पासून विमा आहे. पण २०२७ ची कोलोनोस्कोपी ‘पाठपुराव्याची’ धरली जाईल, आणि तिला अनेक विमा योजना प्रतिबंधक न मानता डिडक्टिबल, म्हणजे विम्याने द्यायच्या आधी आपण भरायची रक्कम, लावतात. म्हणून त्या वर्षीची योजना निवडताना कमी डिडक्टिबलची बघायची, किंवा सर्जरी सेंटरचा रोख दर पुन्हा काढून दोन्ही ताडून बघायचे, असं त्यांच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.

मुलगी अकरावीत आहे. वडिलांना ४६ व्या वर्षी असा मोठा ॲडेनोमा निघाला म्हणून तिची पहिली तपासणी ३६ व्या वर्षी. रिपोर्टची एक प्रत तिच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये लावली.

राहता राहिला कराडचा भाऊ. वय ५१, धोका भावोजींइतकाच, तपासणी एकदाही नाही. भारतात सरकारी मोहिमेत तोंडाचा, स्तनांचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर तपासतात. मोठं आतडं त्यात नाही, त्यामुळे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. भावोजींनी स्वतःचा रिपोर्ट, त्या पॉलिपचा फोटो आणि वडिलांचा कागद असं तिन्ही एकत्र पाठवलं, खर्च मी देतो म्हणाले. “मला काही त्रास नाही रे” असं उत्तर आलं. वहिनींशी मैत्रिणीचं बोलणं झालं आहे, त्यांनी कोल्हापुरातल्या पोटविकारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. दादा जातील की नाही, अजून ठरत नाही.